बुधवारचं अंडं

काकू गेल्याचा निरोप देवरूखला माझ्याकडे आला तो मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर. मी तेव्हा एका बाळंतिणीपाशी होते. मूल पायाळू होतं आणि घरातल्या बायका माझ्यापेक्षा मोठ्याने देवाचा धावा करत होत्या. ड्रायव्हर अंगणातूनच म्हणाला, "बाई, रत्नागिरीच्या तुमच्या काकू पहाटे वारल्या. नानांनी ताबडतोब बोलावलंय." मी म्हटलं, "गेलेल्या माणसाला घाई नसते. हिला आहे." तासाभराने मूल आलं, रडलं, मी हात धुतले आणि दुपारच्या मोटारीत बसले. पोचले तेव्हा सगळं आटोपून पुरुषमंडळी आंघोळी करून ओट्यावर बसली होती. मला रडू आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं.

तेराव्यानंतर नानाने, म्हणजे काकूच्या मुलाने, वर्तमानपत्राच्या याच पानावर आईविषयी चार ओळी छापून आणल्या. धर्मपरायण, कर्तव्यकठोर आणि प्रेमळ, असं त्याने लिहिलं होतं. पहिले दोन शब्द बरोबर आहेत. तिसराही खोटा नाही, पण तो कोणाच्या बाबतीत खरा हे सांगितल्याशिवाय तसाच सोडून देणं मला पटेना, म्हणून हे लिहायला बसले. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढंच सांगावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे वाचू नये.

मी काकूकडे आले ती एकोणिसाव्या वर्षी. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला, सासरी कोणालाच मी हवी नव्हते, आणि माहेर म्हणायला ही चुलती तेवढी उरली होती. ती स्वतः तिशीच्या आत विधवा झालेली. डोक्यावर लाल आलवण, दिवसभर सोवळं. पण मी आल्यावर भटजींनी माझ्या केसांची गोष्ट काढली तेव्हा ती म्हणाली, "माझे गेले तेवढे पुरे. हिचे राहू देत." भटजी पुन्हा बोलले नाहीत. तिच्याशी दुसऱ्यांदा बोलायची कोणाची छाती नव्हती. रत्नागिरीतल्या झाडगावातलं ते घर, मागचे माड, पोफळी, वरच्या कातळावरची हापूसची पंचवीस कलमं, सगळं तिने एकटीने राखलं. आंबा उतरवताना झाडाखाली उभी राहून, कोणत्या फांदीवर किती फळ अजून कोवळं आहे, ते ती वर न चढता सांगायची. आळीत कोणाकडे दुखणं असो, मरण असो, काकू सगळ्यांच्या आधी पोचे. मात्र तिने कोणाच्या पाठीवरून हात फिरवलेला मी पाहिला नाही. तो हात फिरायचा तो सोनीच्या पाठीवरून.

सोनी म्हणजे मांजर. त्या घरात एकूण चार मांजरं झाली, चौघींचं नाव सोनीच. पहिलीची हकीकत काकू आल्यागेल्याला सांगायची. नाना चार वर्षांचा असताना दुपारी पडवीत निजला होता आणि त्याच्या उशाशी फुरसं आलं. आमच्याकडे कातळावर सापाची ही जात फार, वीतभर लांबीची आणि चावली की माणूस वाचणं कठीण. त्या मांजरीने ते फुरसं तिथल्या तिथे मारलं. काकूने मांजरीला उचललं आणि शब्द दिला, की तुझ्या वंशाला या घरात उणं पडायचं नाही. दूधभात तर रोजचाच होता. पण मांजराला सगळ्यांत आवडतं ते अंडं, असं तिला कोणीतरी सांगितलं. त्या दिवसापासून एक आड एक बुधवारी सोनीला अंडं मिळू लागलं. ब्राह्मणाच्या घरात, सोवळ्या बाईच्या राज्यात, मांजराला अंडं! आळी मागे हसायची. समोर हसायची नाही.

त्या अंड्याचा विधी ठरलेला होता. राजिवड्याची अंडी विकणारी हलीमा मागच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, येऊन हाक मारायची. अंडं तिने करवंटीत ठेवायचं, करवंटी गडग्यावर. ती उचलून विहिरीपलीकडच्या दगडावर अंडं फोडायचं आणि सोनीचं खाऊन होईपर्यंत तिथे थांबायचं, म्हणजे कावळे येत नाहीत. मग टरफलं उकिरड्यावर टाकून, दगडावर पाणी ओतून, नेसत्या लुगड्यानिशी विहिरीवर आंघोळ. काकू मागल्या दाराच्या पायरीवर बसून हे सगळं बघायची. सोनी मिशा चाटू लागली की तिचा चेहरा जरासा सुटायचा... एरवी कधी न दिसणारं काहीतरी तिथे दिसायचं. हे काम घरात कामाला येणाऱ्या कुणबिणीचं नव्हतं, सुनेचं होतं. का, म्हणून मी एकदा विचारलं. काकू म्हणाली, "ती पदराखाली घालून घरी नेईल नि पोरांना देईल. आपल्या सुनेच्या हातात अंडं दिलं की चिंता नाही."

ही सून म्हणजे दुर्गा, नानाची पहिली बायको. संगमेश्वराच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या भिक्षुकाची मुलगी. माझ्याहून सात वर्षांनी लहान, नात्याने वहिनी, मला वन्सं म्हणायची. बारीक, हसरी, आणि हसताना तोंडावर पदर धरायची कारण पुढचा एक दात वाकडा होता. एक मूल पोटातच गेलं, त्यानंतर ती सावरली नाही. खोकला लागला, संध्याकाळी अंग तापू लागलं, हातातली काकणं कोपरापर्यंत वर जाऊ लागली. तरी बुधवार आला की ती करवंटी घेऊन विहिरीकडे जायची आणि ओल्या लुगड्याने कुडकुडत परत यायची. काकू तिला अडुळशाचा रस स्वतःच्या हाताने काढून द्यायची, दूध आटवून द्यायची, जड कामाला हात लावू द्यायची नाही. पण बुधवार चुकवायची नाही. बाकी कोणाच्या हाती ते काम द्यायचं तर माझ्या, आणि मी घरची लेक, सून नव्हे.

अखेर डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं, पडवीत येऊन बसले, आणि काकूला म्हणाले, "दूध आहेच. विश्रांती हवी. आणि रोज एक अंडं, कच्चं, दुधात फेटून."

"दुसरं काही सांगा," काकू दाराआडून म्हणाली.

"दुसरं नाही. तुमच्या मागल्या दारी अंडी येतात हे साऱ्या झाडगावाला ठाऊक आहे. मांजराला चालतं ते सुनेला का चालू नये?"

"मांजराला धर्म नाही, म्हणून चालतं. माझी सून अग्नीभोवती फिरून या घरात आल्ये. तिला मी मांजराच्या पंगतीला बसवू?"

डॉक्टरांनी नानाकडे पाहिलं. नाना वर्तमानपत्र वाचत होता. "तुमचं काय म्हणणं?" नानाने पान उलटलं. "आई म्हणेल तसं," तो म्हणाला. हाच नाना पुढे काही वर्षांनी, गावात सहभोजनांचं वारं सुरू झाल्यावर, सगळ्या जातींच्या पंक्तीत बसून जेवला आणि रूढींवर अर्धा तास बोलला. टाळ्या पडल्या. मीही तिथे होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच... डॉक्टर जाताना पायरीवर मला म्हणाले, "औषधाची बाटली देतोय, पण ती माझ्या समाधानासाठी."

दुसऱ्या दिवशी मी हलीमाला गडग्यावर गाठलं आणि रोज एक अंडं गडग्याच्या कपारीत ठेवून जायला सांगितलं. तिने काही विचारलं नाही. आठवड्याभराने एकदाच म्हणाली, "बाय, तुमचं मांजर आजकाल लय खातंय." मी म्हटलं, "पोटुशी आहे." "कोण, मांजर?" असं म्हणून ती हसत निघून गेली. सकाळी काकू देवपूजेत असायची, त्या वेळात मी कपारीतलं अंडं पदरात घालून पोफळीच्या आड दुर्गाला नेऊन द्यायची. पहिल्या दिवशी ती अंड्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "वाटीत फोड नि डोळे मिटून पिऊन टाक." तर म्हणते, "फोडायची नाही हो वन्सं. फोडलं की ते मांजराचं होतं." तिने डोक्यातला आकडा काढला, अंड्याच्या टोकाला अलगद भोक पाडलं, शहाळं प्यावं तसं तोंडाला लावलं आणि मान मागे टाकली. घशाशी आल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं, मग पदर तोंडावर धरून हसायला लागली. "जिवंत वाटतं हो उतरताना!" मी म्हटलं, "जिवंतच राहायचंय तुला. पी."

महिनाभर हे चाललं. तिच्या ओठांना रंग आला. संध्याकाळचा ताप एक दिवसाआड येऊ लागला. काकूला वाटलं अडुळसा लागू पडला आणि ती दुप्पट रस काढू लागली. एकच गोष्ट दुर्गा ऐकेना. टरफलं चुरडून उकिरड्यावर टाक, असं मी तिला रोज सांगायची. मांजराच्या टरफलांत तिची मिसळलेली तिला नको होती. ती पोकळ अंडी ती जशीच्या तशी माडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात पुरायची, खताला चांगली म्हणायची. मी रागावले, पण फार नाही. आळ्यातली माती भुसभुशीत असते आणि मांजराला भुसभुशीत माती उकरायची सवय असते, एवढं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी स्वतःला व्यवहारी समजते.

सोनीने आळं उकरलं, आणि तिच्याकडे कौतुकाने बघत काकू पायरीवर बसलेली होती. मी माजघरात तांदूळ पाखडत होते, दुर्गा चटईवर पडली होती. काकू आत आली आणि उंबऱ्यावर थांबली. आयुष्यात जिने अंड्याला नखही लावलं नव्हतं, तिच्या उघड्या तळहातावर ते मातीने माखलेलं, वर बारीक भोक असलेलं अंडं होतं. ओरडली नाही. म्हणाली, "मांजर भोक पाडून पीत नाही."

दुर्गा उठून बसली.

"कोणी खाल्लं?"

"मी."

"कोणी आणून दिलं?"

दुर्गाने माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. "हलीमाला मीच सांगितलं," ती म्हणाली.

माझ्या हातातलं सूप थांबलं होतं. ते थांबलेलं दिसलं तर संशय येईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला, आणि मी पुन्हा पाखडायला लागले. मला दुसरं घर नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात जे होतं ते सांगते.

काकूने आंघोळ केली, भटजींना बोलावलं. दुर्गाला पंचगव्य दिलं, आणि तिचं पान पडवीच्या टोकाला मांडायला लागली. तिची वाटी वेगळी, तांब्या वेगळा. अडुळशाचा रस मात्र रोज मिळायचा, फक्त तो आता वरून ओतला जायचा. हलीमाला तंबी मिळाली, की आता एक आड एक बुधवारीच यायचं आणि अंडं काकूच्या डोळ्यांदेखत गडग्यावर ठेवायचं. आठ दिवसांत ताप पुन्हा रोजचा झाला. पंधराव्या दिवशी दुर्गाला माहेरी पाठवायचं ठरलं. गाडीत गवत घातलं, वर चटई टाकली. नाना त्या दिवशी कचेरीत लवकर गेला. मी तिला हात देऊन गाडीत चढवलं. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "वन्सं, उद्या बुधवार. सोनीचं विसरू नका हो, ओरडत बसते मग ती." गाडीवानाने बैल हाकले.

चार महिन्यांच्या आत ती गेली. काकूने सुतक पाळलं, तिच्या नावाने सवाष्णी जेवू घातल्या, सगळं यथासांग केलं. आणि त्या चार महिन्यांत आणि पुढे तीन वर्षं सोनीचं अंडं मी फोडलं. घरची लेक असूनही फोडलं. एकही बुधवार चुकवला नाही. नानाची दुसरी बायको आली ती दणकट, गुहागरकडची. आल्या आल्या तिने सांगून टाकलं, "मी असल्या घाणीला हात लावायची नाही." काकूने एक शब्द काढला नाही. तेव्हा मला कळलं की दुर्गानेही नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. तिला कधी कोणी ते सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा. पुढे मी सुईणीचं आणि परिचारिकेचं शिकायला जायचं म्हटलं. काकूने हरकत घेतली नाही. "जा. शीक," म्हणाली, "तुला काहीही चालतं." तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

या वर्षी होळीनंतर नानाचं पत्र आलं, की आई जेवत नाही, वाळली आहे, येऊन जा. मी दहा दिवसांची रजा काढली. काकू माजघरात खाटेवर होती, हातापायांच्या काड्या झालेल्या, पण नजर तीच. पायाशी चौथी सोनी. आता डॉक्टरही नवा, तरुण. त्याने तपासून तेच सांगितलं: दूध आणि अंडं. या खेपेला मी गडग्याकडे गेले नाही. बाजारातून अंड्यांची परडी घेऊन पुढच्या दाराने आत आले. ओट्यावर बसलेल्या नानाने ती पाहिली आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. मी अंडं पेल्यात फोडलं, दूध घातलं, फेटलं आणि काकूच्या खाटेशी गेले. खरं सांगते, ती बरी व्हावी म्हणून मी ते नेलं नव्हतं. मला ते तिच्या घशाखाली उतरलेलं बघायचं होतं. एक घोट पुरे होता. जीव वाचवायची वेळ आली की काकूही पिते, एवढं बघून मी सुखाने देवरूखला गेले असते.

तिने वास घेतला. "अंबे, मांजराला घाल," म्हणाली.

"डॉक्टरांनी तुला सांगितलंय."

"दुर्गालाही सांगितलं होतं."

"जगशील हे घेतलंस तर. दोन-चार महिने तरी."

"तिला नाही म्हटलं नि स्वतः पिऊ? मला काय समजल्येस तू?" तिने पेला माझ्या हातासकट दूर सारला. त्या काडीएवढ्या हातात तेवढी ताकद कुठून आली कोण जाणे. मी पेला जमिनीवर ठेवला. सोनी खाली उतरली आणि पिऊ लागली. काकू कुशीवर वळून बघत राहिली, आणि तिचा चेहरा पूर्वीसारखाच जरासा सुटला.

मग ती सोनीकडे बघतच म्हणाली, "दुर्गाला विहिरीपर्यंत जायला दोनदा बसावं लागायचं. गडग्यापर्यंत रोज कुठून जाणार होती ती? मी काय आंधळी होत्ये?"

मी म्हटलं, "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मी का बोलू? मी विचारलं होतं. तू सूप पाखडत होतीस."

सोनी पेल्याच्या तळाशी जीभ घालत होती.

"तू बोलली असतीस तर तुला घालवली असती," काकू म्हणाली. आवाजात राग नव्हता. आंब्याबद्दल बोलावं तसं बोलत होती. "तू कुठेही पोट भरलं असतंस, तशीच आहेस तू. तिला ठेवून घेतली असती. पोरबुद्धी, दुसरीच्या नादाने केलंन, म्हणून पंचगव्य दिलं असतं नि इथेच निजवली असती. मी केलं असतं तिचं सगळं. पण एवढं झाल्यावर एकीला घालवायचीच होती. तू गप्प राहिलीस, ती गेली." मग म्हणाली, "दुसरं फोड सोनीला. मागत्ये बघ."

मी दुसरं फोडलं.

रजा संपली, मी देवरूखला परतले, आणि पंधराच दिवसांत ड्रायव्हर निरोप घेऊन आला. अंडं मिळालं असतं तर काकू आणखी किती जगली असती, हे मी सांगू शकत नाही. दुर्गा जगली असती का, हेही नाही. इतकी वर्षं मी क्षयाची माणसं बघते, अंड्याने क्षय बरा होतो असं मी कोणालाही सांगत नाही. पण पडवीच्या टोकाला वेगळं पान मांडून आणि गवताच्या गाडीत घालून तो बरा होत नाही, हे नक्की सांगते. काकू क्रूर होती असं कोणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही. पण तिने सुनेला जे नाकारलं ते स्वतः मरतानाही घेतलं नाही, आणि जे विचारायचं ते तिने तोंडावर विचारलं. त्या घरात त्या दिवशी खोटं वागलेली ती नव्हती.

तेराव्याला माणसं जेवून गेल्यावर मी माजघर सारवायला घेतलं. खाट बाहेर काढली होती. खोली रिकामी झाली, पण उंबऱ्यापाशी आले तेव्हा माझा हात थांबला. तिथेच काकू तेव्हा तळहात पुढे करून उभी राहिली होती, आणि मला विचाराल तर अजून तिथेच उभी आहे. सवाष्णींनी, शेजाऱ्यांनी, भटजींनी, नानाने, सगळ्यांनी त्या उंबऱ्यावरून इतकी वर्षं येजा केली, कोणाला ती आडवी आली नाही. मला आली. कारण तिने विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला खरं मिळालेलं नाही. दुर्गाने दिलं ते खोटं होतं, आणि त्या खोट्यावर मी इतकी वर्षं जेवले. काकूला ते ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि सांगणं वेगळं. दुर्गाच्या माहेरची माणसं हे पान वाचत असतील तर त्यांनाही कळू दे.

अंडी मी आणून देत होते.